लिस्ट स्क्रोल करताना एररचा डायलॉग सारखा उपटतो: कुठे बघायचं, काय बदलायचं

ही तक्रार आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी फिरून येतेच. शब्द दर वेळी वेगळे, कोणी म्हणतं ॲप हँग होतं, कोणी म्हणतं यादी गायब होते, कोणी नुसताच "काहीतरी चुकले"चा स्क्रीनशॉट टाकतं, पण आत खोदलं की दुखणं तेच. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय, निदान पुढच्या वेळी मलाच शोधायला बरं.

आमचं ॲप एका वितरकाच्या सेल्समन लोकांसाठी ऑर्डर घ्यायचं. अँड्रॉइडवर कोटलिन या भाषेत, आयफोनचं मालकाच्या हट्टापायी नंतर झालं. एकदा मी एका सेल्समनबरोबर दिवसभर फिरलो. मार्केटमधली आतली गल्ली, वर पत्रे, नेटवर्कची एकच कांडी. दुकानदार गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत सांगतोय, "बिस्किटाचे दोन बॉक्स टाक, आणि तो छोटा साबण बघ रे आलाय का", आणि हा साबण शोधायला लिस्ट खाली ढकलतो तेवढ्यात मधोमध डायलॉग, काहीतरी चुकले आहे, खाली ओके. ओके दाबलं की लिस्ट पांढरी फटक. परत वरपासून सुरू. चौथ्यांदा असं झाल्यावर त्याने काही न बोलता खिशातून वही काढली आणि पेनने लिहायला लागला. तो डायलॉग मीच टाकलेला होता, त्यामुळे मी पण काही बोललो नाही.

आता बघा, झालं काय होतं? पुढचे वीस आयटम आले नाहीत, बस्स. वरचे साठ आलेले होते, दिसत होते, त्यातून ऑर्डर घेता येत होती. न आलेल्या विसासाठी आम्ही आलेले साठ पण काढून घेतले. आणि कोड उघडून बघितलं तर कारण अगदी साधं, स्क्रीनच्या स्टेटमध्ये, म्हणजे स्क्रीनची सध्याची स्थिती साठवतो तिथे, एरर नावाचा एकच खण. पहिलं लोडिंग फसलं तरी त्यात, खाली ओढून केलेलं रिफ्रेश फसलं तरी त्यात, पुढचं पान, म्हणजे पुढचे वीस आयटम, आलं नाही तरी त्यात, आणि एखाद्या ओळीवरचं बटण दाबून काही पाठवलं ते गेलं नाही तरी त्यातच. मग स्क्रीनला कळणार कसं की ओरडायचं किती? तो आपला प्रत्येक वेळी सगळ्यात मोठ्याने ओरडतो.

सगळ्यात आधी तुमच्याकडे नेमकं कोणतं फसतंय ते पकडा, आणि त्यासाठी एअरप्लेन मोडवर विसंबू नका. एअरप्लेन मोडमध्ये रिक्वेस्ट, म्हणजे ॲपने सर्व्हरकडे केलेली मागणी, जागच्या जागी फेल होते, होस्ट सापडला नाही म्हणून, आणि सगळं कसं छान चटकन दिसतं. खरा त्रास कांडी दिसते पण डेटा हलत नाही तेव्हाचा. अँड्रॉइड एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क एज किंवा जीएसएम अशा जुन्या संथ प्रकारावर टाकता येतं, आयफोनला डेव्हलपर मेनूमध्ये नेट मुद्दाम बिघडवणारा नेटवर्क लिंक कंडिशनर आहे त्यात शंभर टक्के लॉसचं, म्हणजे काहीच न पोचू देणारं, प्रोफाइल तयारच मिळतं. आणि घरी करायची टेस्ट म्हणजे वायफाय चालू ठेवून राउटरची मागची इंटरनेटची वायर काढा. फोन म्हणतो कनेक्टेड, तुमचं ॲप काय म्हणतं ते बघा. मी तर शेवटची टेस्ट कर्जत ते लोणावळा गाडीत बसून करतो, घाटातले बोगदे एकामागून एक येतात, नेट जातं-येतं-जातं, याच्याइतकं इमानदार टेस्टिंग ऑफिसात होत नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा. अँड्रॉइडला ओकेएचटीटीपी ही नेटवर्कची लायब्ररी वापरत असाल तर कनेक्ट, रीड, राइट तिन्हीचा डिफॉल्ट १० सेकंद आहे, आयफोनवर तेच काम करणाऱ्या यूआरएलसेशनचा रिक्वेस्ट टाइमआउट ६० सेकंद. म्हणजे तोच बोगदा, तीच लिस्ट, अँड्रॉइडवाला एररने वैतागतो आणि आयफोनवाला मिनिटभर फिरणारं चक्र बघून म्हणतो ॲप हँग झालं. दोन वेगवेगळे बग समजून आम्ही दोन आठवडे घालवले. लिस्टच्या रिक्वेस्टला दोन्हीकडे सारखा टाइमआउट ठेवा, आम्ही १५ ठेवलाय.

आता पुढचं पान न येणं, जे सगळ्यात जास्त वेळा होतं. याची जागा म्हणजे लिस्टची शेवटची ओळ. तिथे आधी छोटं चक्र फिरतं, फसलं की त्याच ओळीत "पुढची यादी आली नाही" आणि शेजारी "पुन्हा" असं बटण. संपलं. डायलॉग नाही, टोस्ट (खाली थोडा वेळ दिसून जाणारा मेसेज) नाही, वरची लिस्ट जागची हलत नाही. ज्याला खाली जायचंय त्यालाच ते दिसतं, ज्याला वरच्या साठातच काम आहे त्याला कळतही नाही, आणि कळायची गरज पण नाही. अँड्रॉइडला पेजिंग ३ ही पानापानाने यादी आणणारी लायब्ररी वापरत असाल तर यासाठी लोडस्टेट ॲडॉप्टर फुटर म्हणून, म्हणजे लिस्टच्या तळाची ओळ म्हणून, जोडायचा, पेजिंगमध्ये रिफ्रेश, प्रिपेंड (वरचं पान) आणि अपेंड (खालचं पान) अशा तीन अवस्था वेगवेगळ्या मिळतातच, आपणच त्यांची खिचडी करतो. एकाच कोडमधून दोन्ही फोनची ॲप बनवणाऱ्या रिॲक्ट नेटिव्हच्या फ्लॅटलिस्टला फुटर कंपोनंट आहे, तशाच फ्लटरमध्ये आयटम काउंटमध्ये एक वाढवून शेवटची ओळ आपली आपण काढायची. चक्राच्या ओळीची आणि एररच्या ओळीची उंची मात्र सारखी ठेवा, नाहीतर एकातून दुसरं होताना लिस्ट टुणकन उडते आणि अंगठा भलत्याच आयटमवर पडतो.

इथे एक खड्डा आहे ज्यात आम्ही चांगलेच पडलो. शेवटची ओळ दिसली की पुढचं पान मागवा, असा कोड हाताने लिहिलेला असेल तर काय होतं, पान मागवलं, फसलं, फुटर बदलला, फुटर बदलला म्हणून लेआउट परत झाला, लेआउट झाला म्हणून "शेवट आला" असं परत वाटलं, परत मागवलं, परत फसलं. फ्लॅटलिस्टच्या ऑनएंडरीच्डला, म्हणजे शेवट आला की चालणाऱ्या कोडला, हे हमखास होतं. माणूस फोन हातात धरून नुसता उभा आहे आणि आतून सेकंदाला दोन-तीन रिक्वेस्ट सर्व्हरवर आदळतायत, फोन गरम, आणि प्रत्येक फसलेल्या रिक्वेस्टला टोस्ट असेल तर मग विचारूच नका. अँड्रॉइडचे टोस्ट रांगेत उभे राहतात, लाँग टोस्ट साडेतीन सेकंदांचा, सहा जमले तर २१ सेकंद एकच वाक्य खाली येत राहतं, माणूस त्या स्क्रीनवरून निघून गेला तरी. "सारखं काहीतरी चुकलं म्हणतं" ही तक्रार आली की निम्म्या वेळा हेच असतं. फ्लटरवाल्यांनी पण हसू नये, तिकडे स्नॅकबार, म्हणजे खालून येणाऱ्या मेसेजच्या पट्ट्या, असेच रांगेत लागतात, प्रत्येक चार सेकंदांचा, नवा दाखवायच्या आधी जुने साफ करावे लागतात.

उपाय हा की एकदा त्या बाजूला एरर आली की आपोआप मागवणं बंद. परत मागवायचं ते फक्त दोन कारणांनी, माणसाने "पुन्हा" दाबलं किंवा नेट खरंच परत आलं. पेजिंग ३ हे स्वतःच पाळतं, एरर आल्यावर रिट्राय किंवा रिफ्रेश म्हटल्याशिवाय त्या दिशेला पुढे जात नाही, हाताने लिहिणाऱ्यांनी एक अट टाकायची. आणि "नेट परत आलं" हे ओळखताना नुसतं कनेक्टेड बघू नका, अँड्रॉइडला नेटवर्क व्हॅलिडेटेड आहे का, म्हणजे त्यावर खरंच इंटरनेट आहे का, असं विचारता येतं, वायर काढलेल्या राउटरची टेस्ट त्यासाठीच सांगितली वर.

रिफ्रेश फसणं वेगळं. इथे लिस्ट भरलेली आहे, फक्त ताजी झाली नाही. मग जुनी लिस्ट तशीच ठेवा आणि वर एक बारीक पट्टी, "नेट नाही, १०:४० ची यादी दिसतेय". लाल रंग नको, काही जळत नाहीये. ही पट्टी आम्ही टाकल्यावर सेल्समनच म्हणाले की हे बरं झालं, दुकानदाराला सांगता येतं की भाव सकाळचा आहे. जुनी माहिती दाखवणं चूक नाही, ती जुनी आहे हे न सांगणं चूक.

आणि ते पांढऱ्या फटक लिस्टचं रहस्य? पेजिंगमध्ये रिफ्रेश फसलं तरी जुने आयटम ॲडॉप्टरमध्ये, म्हणजे लिस्टला ओळी पुरवणाऱ्या कोडमध्ये, असतातच, कुठे जात नाहीत. आम्हीच एक ओळ लिहिली होती, रिफ्रेशची अवस्था "लोडिंग नाही" असेल तरच लिस्ट दाखवा. एरर म्हणजे "लोडिंग नाही" ही अवस्था नव्हे, ती तिसरीच, म्हणून लिस्ट लपली. ही ओळ इकडून तिकडे कॉपी होत होत अनेकांच्या प्रोजेक्टमध्ये पोचलेली असते, तुमच्यात शोधून बघा. लिस्ट लपवायची ती आयटमची संख्या शून्य असेल तेव्हाच, आणि पूर्ण स्क्रीनभर चित्र-बित्र टाकून एरर सांगायची तीही तेव्हाच, कारण तेव्हा अडवण्यासारखं खाली काही नसतंच. हो, आणि खाली ओढल्यावर येणारं ते गोल चक्र एररच्या फांदीतसुद्धा बंद करा, यशाच्या फांदीत सगळे करतात.

आता भुताची गोष्ट. काही एरर खऱ्या नसतातच. आमच्याकडे सर्च होता, सेल्समन भरभर टाइप करायचा, सा-ब-ण, आणि नेट फुल्ल असताना पण मधेच "काहीतरी चुकले". सर्व्हरच्या लॉगमध्ये काही नाही. तीन दिवस गेले. झालं असं की प्रत्येक नव्या अक्षराला आधीची रिक्वेस्ट आपणच रद्द करतो, आणि कोटलिनच्या कोरुटीनमध्ये, म्हणजे मागे चालणाऱ्या कामांत, रद्द होणं हे पण एक एक्सेप्शनच (कोडने फेकलेली चूक) असतं, कॅन्सलेशन एक्सेप्शन. आम्ही सरसकट सगळी एक्सेप्शन पकडून एरर दाखवत होतो, त्यात हे पण अडकलं. म्हणजे आपणच फोन ठेवायचा आणि आपणच म्हणायचं की समोरच्याने कट केला. ते एक्सेप्शन आलं तर परत फेकून द्या, दाखवू नका. आयफोनवर याचाच भाऊ म्हणजे उणे ९९९ नंबरची एरर, कॅन्सल्ड. आयफोनचे स्क्रीन बनवायच्या स्विफ्टयूआयमध्ये खाली ओढून रिफ्रेशसाठीचं रिफ्रेशेबल वापरताना मधेच व्ह्यू नव्याने बनला तर चालू काम रद्द होतं आणि ही ९९९ उगवते, यूजरने नुसतं खाली ओढलेलं असतं बिचाऱ्याने. वेबच्या फेचमध्ये अबॉर्ट एरर, तेच ते. लॉगमध्ये यातलं काही दिसलं तर मेसेजची रचना-बिचना नंतर बघा, आधी हे गाळा, निम्म्या तक्रारी इथेच संपतील.

दुसरं भूत म्हणजे फोन आडवा केला की जुनी एरर परत दिसते, किंवा आयटम उघडून मागे आलं की दिसते. अँड्रॉइडच्या लाइव्हडेटामध्ये (स्क्रीन जिच्यावर नजर ठेवून असतो ती माहिती) ठेवलेली शेवटची व्हॅल्यू नवीन बघणाऱ्याला परत मिळते, त्याचं कामच ते, आणि आपण त्यावर स्नॅकबार टांगलेला असतो. यावर लोकांनी एकदाच वाजणारे इव्हेंट वगैरे बरीच जुगाडं केलीत, चॅनल वापरा, दाखवल्यावर पुसा, चालतात. पण मला विचाराल तर एरर लिस्टच्या ओळीत किंवा वरच्या पट्टीत बसवली की हा प्रश्नच राहत नाही. फोन शंभर वेळा फिरवा, शेवटची ओळ परत काढली जाईल आणि तीच खरी परिस्थिती असेल. स्नॅकबार ही घडून गेलेली गोष्ट सांगतो, आणि तीही लाँग म्हटलं तरी पावणेतीन सेकंदात, दुकानदाराकडे बघत असलेल्या माणसाला ती दिसतच नाही. "पुढची यादी आलेली नाही" ही घडून गेलेली गोष्ट नाहीये, ती अजूनही तशीच आहे, मग ती पावणेतीन सेकंदात विरून कशी चालेल?

एका ओळीवरची कृती फसली, उदाहरणार्थ ऑर्डर पाठवली आणि गेली नाही, तर ती खूण त्याच ओळीवर. व्हॉट्सॲपवर नेट नसताना मेसेजशेजारी घड्याळ बसतं ना, कोणी घाबरत नाही, सगळ्यांना समजतं, तसंच. आम्ही घड्याळ ठेवलं, आणि शेवटी नाहीच गेली तर "गेली नाही, परत पाठवा" अशी बारीक ओळ. यात रिसायकलरव्ह्यूचा, म्हणजे ओळी परत वापरणाऱ्या अँड्रॉइडच्या लिस्टचा, जुनाच धडा, फसली असेल तर खूण दाखवा लिहिलं आणि नसेल तर लपवा लिहायला विसरलात की स्क्रोल करताना तीच ओळ दुसऱ्या दुकानासाठी वापरली जाते आणि भलत्याच दुकानाची ऑर्डर फसलेली दिसते. तसंच फसलेल्या ओळींची नोंद ओळ क्रमांकाने ठेवू नका, आयडीने ठेवा, वर एक नवीन आयटम आला की क्रमांक सरकतात. आणि खूण बदलताना अख्खी ओळ लुकलुकत असेल तर बदल कळवताना पेलोड, म्हणजे नेमकं काय बदललं ते, द्या, मग फक्त खूण बदलते.

परत पाठवण्याबद्दल एक वाकडी गोष्ट सांगायची राहिली. यादी मागवणं गुपचूप दोनदा-तीनदा परत करून बघायला हरकत नाही, मधे एक सेकंद, मग दोन, मग चार, त्यात थोडा इकडेतिकडे फरक टाकून म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत, आणि तोवर माणसाला काहीच सांगायचं नाही. सर्व्हरने ४२९, म्हणजे फार रिक्वेस्ट झाल्या असा कोड, दिला आणि सोबत किती वेळाने ये ते सांगितलं तर तेवढं थांबायचं. पण ऑर्डर पाठवणं असं गुपचूप परत करू नका, जोपर्यंत प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक युनिक नंबर देऊन सर्व्हर तो तपासत नाही. आमच्याकडे एकाच दुकानात त्याच साबणाचे तीन-तीन बॉक्स पोचले होते, कारण ऑर्डर पोचली होती आणि फक्त पोच परत आली नव्हती.

आणि गुपचूप म्हणजे लपवणं नव्हे, हेही आमच्यातल्या एका उत्साही पोराला सांगावं लागलं, त्याने सगळेच डायलॉग काढून टाकले. लॉगिन संपलं, म्हणजे ४०१ आला, तर डायलॉग हवाच, कारण पुढे काहीच चालणार नाही. फक्त तो एकदाच यावा. लिस्ट, फोटो, शिल्लक माल अशा पाच रिक्वेस्ट एकदम गेलेल्या असतात, पाचही ४०१ घेऊन येतात आणि पाच डायलॉग एकावर एक चढतात. तो ४०१ नेटवर्कच्या थरात एकाच ठिकाणी अडवा. पैशाचं काही फसलं असेल तर तिथेही सरळ समोर येऊन सांगा.

शब्दांचं थोडंसं. "काहीतरी चुकले आहे" हे वाक्य वाचून माणसाला वाटतं त्याचंच काही चुकलं. काय झालं आणि आता काय दिसतंय एवढं सांगा, "नेट मिळत नाही", "सर्व्हर उत्तर देत नाही". बटणावर "पुन्हा प्रयत्न करा" लिहिलं तर छोट्या फोनवर ते दोन ओळींत तुटतं, नुसतं "पुन्हा" पुरतं. इंग्रजी मजकूर बघून ओळीची उंची फिक्स केलेली असेल तर मराठीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, त्यात आपले मोठ्या फॉन्टवाले काका असतील तर वाक्यच अर्धं. कमीत कमी उंची ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) द्या आणि वर वाढू द्या. टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन बोलून वाचणारी सोय, वापरणाऱ्यांसाठी त्या पट्टीला लाइव्ह रीजन पोलाइट हे सेटिंग ठेवा, म्हणजे चालू वाचन न तोडता ती नंतर वाचली जाते. खूण फक्त रंगाने करू नका, सोबत शब्द किंवा चिन्ह असू द्या.

हे सगळं टाकून गेल्या महिन्यात परत कर्जतला गाडीत चढलो. पहिल्या बोगद्यात शेवटच्या ओळीत चक्र, मग "पुढची यादी आली नाही", बाहेर पडल्यावर हात न लावता वीस नावं येऊन बसली, पुढच्या बोगद्यात परत तेच, लिस्ट वर जिथे होती तिथेच. एकच गोष्ट राहिली, आयटमचे फोटो. बोगद्यात न आलेला फोटो बाहेर आल्यावर पण येत नाही, राखाडी चौकोन तसाच राहतो, ओळ वरखाली करून परत स्क्रीनवर आणली की मगच येतो. सध्या नेट परत आलं की फक्त दिसणाऱ्या ओळी पेलोड देऊन परत भरायच्या असं करून बघतोय. कोणी आधी केलं असेल तर सांगा.